हलक्या लिनक्सवर ब्लूटूथची सोयरीक

ब्लूटूथची जोडणी दोन टप्प्यांत होते आणि बहुतेक गोंधळ हे दोन टप्पे एकच समजल्याने होतो. पहिला टप्पा पेअरिंगचा. त्यात दोन उपकरणे एकमेकांची ओळख पटवतात, एक गुप्त किल्ली तयार करतात आणि ती दोघांकडेही साठवली जाते. दुसरा टप्पा कनेक्शनचा. त्यात साठवलेली किल्ली वापरून प्रत्यक्ष संबंध सुरू होतो. सोयरीक एकदाच जुळते, येणेजाणे रोजचे असते. फोनवर किंवा विंडोजवर हा फरक जाणवत नाही, कारण एका बटणामागे दोन्ही कामे उरकलेली असतात. हलक्या लिनक्सवर तो लपत नाही.

हलकी लिनक्स म्हणजे वेगळी लिनक्स नव्हे. तळाचा गाभा, म्हणजे कर्नल, मोठ्या आणि छोट्या वितरणांत एकच असतो; फरक वरच्या थरांत असतो. लुबुंटू ऑक्टोबर 2018 पासून एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप वापरते. मिंटची एक आवृत्ती एक्सएफसीईवर चालते. अँटीएक्स तर सिस्टमडी हा जवळपास सगळीकडे रुळलेला सेवा-व्यवस्थापकही बाहेर ठेवते आणि 2003 मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी सुरू केलेली पपी लिनक्स सगळीच्या सगळी मेमरीत चढून बसते. दोन जीबी रॅमचा लॅपटॉप त्यामुळे धाप न लागता चालतो. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यावर अशा यंत्रांसमोर भंगार किंवा लिनक्स असे दोनच सरळ रस्ते उरले. मात्र वजन कमी करताना जे गाळले जाते त्यात ब्लूटूथचा नंबर लवकर लागतो. एलएक्सक्यूटी आणि एक्सएफसीई या दोघांकडेही ब्लूटूथची स्वतःची खिडकी नाही. दोघेही ती दुसऱ्याकडून उसनी घेतात.

हे गाळणे दोष की गुण, यावर दोन मते आहेत. शास्त्रार्थाची रीत, जी सातारा जिल्ह्यात वाईच्या पाठशाळेमुळे अजून ओळखीची आहे, अशा ठिकाणी उपयोगी पडते : आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायचा, मग उत्तरपक्ष. येथे पूर्वपक्ष साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेच्या संगणक शिक्षकांकडे दिला आहे आणि उत्तरपक्ष सांगलीत जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणाऱ्या तंत्रज्ञाकडे. दोघेही कल्पित आहेत, अडचणी मात्र खऱ्या आहेत.

"भाऊ, माझा आक्षेप साधा आहे," शिक्षक म्हणतात. "फोनला स्पीकर जोडायला बटण दाबलं की झालं. तुम्ही दिलेल्या लॅपटॉपवर ब्लूटूथचं चिन्हच नाही. पस्तीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी, त्यात वीज गेली तर गेलीच. मी काय काळ्या खिडकीत इंग्रजी आज्ञा टाईप करत बसू? सगळ्यांना लागणारी वस्तू काढून टाकायची आणि त्याला हलकेपणा म्हणायचं!"

"सगळ्यांना कुठं लागते सर? गल्ल्यावर बिलं करणाऱ्याला नको, टायपिंग शिकणाऱ्या पोराला नको. मागं बसून मेमरी खाण्यापेक्षा ज्याला पाहिजे त्यानं घालून घ्यावी की."

या उत्तरात अर्धेच तथ्य आहे. ब्लूटूथची मूळ सेवा अगदी थोड्या मेमरीत भागते. जड असते ते कोपऱ्यातले चिन्ह. हलक्या डेस्कटॉपवर सर्वांत प्रचलित असलेले ब्लूमन हे साधन पायथन भाषेत लिहिलेले आहे आणि त्याचे चिन्ह दिवसभर जागे राहते. म्हणजे वितरण हलके करणारा जे वजन वाचवतो ते ब्लूटूथचे नसून सोयीचे असते. सोय काढली म्हणून काम नाहीसे होत नाही. ते वापरणाऱ्याच्या अंगावर येते. शिक्षकांचा राग त्या अंगावर आलेल्या कामाचा आहे आणि तो रास्त आहे.

तरीही जोडणी फसते ती बहुधा चिन्हाच्या अभावाने नाही. चिन्हाखाली चार-पाच थर असतात आणि कुठल्या तरी एका थरात खोट असते. ते थर तळापासून वर पाहत गेले तरच खोट सापडते.

सर्वांत खाली हार्डवेअर. जुन्या लॅपटॉपात ब्लूटूथ असेलच असे नाही. असले तर ते बहुतेक वेळा वाय-फायच्याच कार्डावर असते. येथे एक गंमत आहे. एकाच कार्डावरचे वाय-फाय पीसीआय मार्गाने संगणकाला जोडलेले असते आणि ब्लूटूथ आतल्या आत यूएसबीने. त्यामुळे 'एलएसपीसीआय' या आज्ञेच्या यादीत ब्लूटूथ दिसत नाही म्हणून अनेकजण ते नाहीच असे ठरवून मोकळे होतात. शोधायचे ते 'एलएसयूएसबी'च्या यादीत. (या लेखातील आज्ञा वाचण्याच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत, टाईप करताना त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत द्याव्यात.)

"नसेल तर स्वस्तातला डोंगल लावतो," शिक्षक म्हणतात. "त्यात कसलं शास्त्र?"

"शास्त्र नाही सर, नशीब आहे. सीएसआर कंपनीच्या चिपच्या इतक्या नकला बाजारात आहेत की त्यांच्या खोडी झाकायला कर्नलमध्ये खास तजवीज करावी लागली. कधी चालतो, कधी झोपेतून उठतच नाही. आणि डोंगल निळ्या पोर्टात, पेन ड्राइव्हला चिकटून लावू नका."

निळ्या पोर्टाची सूचना अंधश्रद्धा नाही. यूएसबी 3.0 च्या वेगवान तारांतून 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट बाहेर पडतो आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात बोलते. इंटेलने 2012 मध्येच यावर टिपण काढले होते. वीतभर एक्स्टेंशन लावून डोंगल बाजूला नेला की माऊस अडखळायचा थांबतो. वाय-फायही याच पट्ट्यात असते. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी 2005 मध्ये परवानामुक्त झाला, त्यामुळे तिथे गर्दी होणारच. जुने, म्हणजे क्लासिक ब्लूटूथ 79 मार्गिकांमध्ये सेकंदाला 1600 उड्या मारत या गर्दीतून वाट काढते.

त्यावरचा थर फर्मवेअरचा. इंटेल, रिअलटेक, ब्रॉडकॉम यांच्या चिपा चालू होताच संगणकाकडून एक छोटी फाईल मागतात. ती मिळाली नाही तर चिप यादीत दिसते, पण मुकी राहते. 'डीमेस्ग' या आज्ञेने कर्नलची रोजनिशी उघडली की न मिळालेल्या फाईलचे नाव तिथे स्पष्ट लिहिलेले आढळते. ब्लूटूथ बिघडल्यावर पहिल्यांदा वाचावे असे काही असेल तर ही रोजनिशीच. दुर्दैवाने लोक तिच्याकडे सर्वांत शेवटी वळतात.

फाईल आधीच का नसते, याचे उत्तर तांत्रिक नाही, तात्त्विक आहे. ही फर्मवेअर कंपन्यांची बंदिस्त मालमत्ता असते, तिचा मूळ कोड कोणाला पाहता येत नाही. डेबियनसारख्या स्वातंत्र्याबाबत काटेकोर प्रकल्पाने ती अनेक वर्षे आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवली. 2022 मध्ये डेबियनच्या विकासकांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि जून 2023 मध्ये आलेल्या डेबियन 12 पासून फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच मिळू लागली.

"म्हणजे कुणाच्या तरी तत्त्वापायी माझ्या वर्गातला स्पीकर मुका," शिक्षक म्हणतात.

"तत्त्व होतं म्हणून तर हे सगळं फुकट मिळतंय की सर. पण तुमचं खरं आहे. मी पण मशीन देताना फर्मवेअर घालूनच देतो. तिथं मी तत्त्व बघत नाही."

उत्तरपक्षाने येथे माघार घेतली आहे आणि ती योग्यच आहे. शुद्धतेचा आग्रह धरायचा तर हार्डवेअर विकत घेतानाच धरावा लागतो. हातात आलेल्या जुन्या यंत्रावर तो धरता येत नाही.

पुढचा अडथळा किरकोळ, पण फसवा. लॅपटॉपवर बिनतारी बंद करणारी कळ असते आणि एखाद्या बोटाचा धक्का लागून ती दाबली गेलेली असते. 'आरएफकिल लिस्ट' या आज्ञेत 'सॉफ्ट ब्लॉक' असे दिसले तर 'आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ' पुरते. 'हार्ड ब्लॉक' असेल तर कळ किंवा बायोस. आज्ञा कितीही दिल्या तरी उपयोग नाही.

मग येते ब्लूझेड. लिनक्सवरच्या ब्लूटूथचा हा मुख्य संच क्वालकॉममध्ये तयार झाला आणि 2001 मध्ये कर्नलच्या 2.4 मालिकेत सामील झाला. त्याची पार्श्वभूमीत चालणारी सेवा म्हणजे 'ब्लूटूथडी'. तिचे स्थान समजण्यासाठी सांगलीकराला दूर जावे लागत नाही. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत सीतास्वयंवर रंगवले, त्या परंपरेच्या नाटकांत पदे सूत्रधारच म्हणत असे आणि पात्रे त्याबरहुकूम वावरत. रंगभूमीवर राम असो की रावण, गाणारा एकच. ब्लूमनची खिडकी, प्लाझ्मा या डेस्कटॉपची खिडकी, काळ्या खिडकीतले 'ब्लूटूथसीटीएल' ही सगळी अशी पात्रे आहेत. पेअरिंग यांच्यापैकी कोणीच करत नाही. सगळे ब्लूटूथडीकडे निरोप पाठवतात.

यामुळे दोन पक्षांतला चिन्ह विरुद्ध आज्ञा हा वाद बराचसा पोकळ ठरतो. आज्ञेने केलेली जोडणी चिन्हात दिसते, चिन्हाने केलेली आज्ञेत. मिंटने एका काळात ब्लूमन सोडून ब्लूबेरी हे साधन घेतले आणि 2022 च्या मिंट 21 मध्ये पुन्हा ब्लूमन आणले. वापरणाऱ्याला खिडकी बदललेली दिसली, खालचा सूत्रधार तोच राहिला.

सूत्रधार जागा आहे का, एवढे मात्र पाहावे लागते. सिस्टमडी असलेल्या वितरणात 'सिस्टमसीटीएल'ने ब्लूटूथ सेवा 'स्टार्ट' करायची आणि 'एनेबल'ही करायची. फक्त 'स्टार्ट' केले तर पुढच्या वेळी यंत्र चालू केल्यावर सेवा झोपलेलीच असते. सिस्टमडी नसलेल्या अँटीएक्ससारख्या वितरणात जुन्या पद्धतीचे 'सर्व्हिस ब्लूटूथ स्टार्ट' चालते.

आता प्रत्यक्ष सोयरीक. 'ब्लूटूथसीटीएल' सुरू केले की वेगळी ओळ येते आणि तिथे क्रमाने सांगायचे असते. 'पॉवर ऑन' म्हणजे चिप जागी. 'एजंट ऑन' आणि 'डिफॉल्ट-एजंट' म्हणजे पिन किंवा होकार विचारला गेला तर उत्तर देणारा मध्यस्थ. नव्या आवृत्त्यांत तो आपोआप हजर असतो. 'स्कॅन ऑन' म्हटल्यावर आसपासची उपकरणे पत्त्यासह दिसू लागतात. पत्ता म्हणजे अंक-अक्षरांच्या सहा जोड्या, आणि आजूबाजूला फोन असतील तर यादी भराभर वाहते. हवा तो पत्ता दिसला की 'पेअर' आणि पत्ता. पत्ता पूर्ण टाईप करावा लागत नाही. पहिली दोन-तीन अक्षरे देऊन टॅबची कळ दाबली की बाकीचा भरला जातो.

"आणि इथं लोक थांबतात," तंत्रज्ञ म्हणतो. "पेअर झालं की उठतात. दुसऱ्या दिवशी माऊस चालत नाही म्हणून मशीन घेऊन दारात. अहो, 'ट्रस्ट' कुणी म्हणायचं?"

'ट्रस्ट' म्हणजे या उपकरणाला यापुढे न विचारता आत घ्यावे अशी कायमची परवानगी. ती दिली नाही तर सोयरीक असते, पण पाहुणा रोज दारात उभा राहून परवानगी मागतो. विचारणारी खिडकी उघडी नसेल तर त्याला कोणी ओ देत नाही. 'ट्रस्ट' नंतर 'कनेक्ट'. ब्लूमनमध्येही हीच कामे आहेत. उपकरणावर उजवी क्लिक केली की पेअर आणि ट्रस्ट वेगवेगळे दिसतात, आणि तिथेही ट्रस्ट राहून जातो. येथे आज्ञा आणि चिन्ह दोघेही सारखेच निष्ठुर.

स्पीकर-हेडफोन यादीत दिसतच नसेल तर तो पेअरिंगच्या अवस्थेत नाही. नुसता चालू करणे पुरत नाही, बटण बराच वेळ दाबून दिवा लुकलुकू लागला पाहिजे. पिनचे म्हणाल तर जुनी उपकरणे 0000 किंवा 1234 मागतात. 2007 च्या ब्लूटूथ 2.1 पासून पिनची जागा सहा आकडे ताडून पाहण्याने किंवा नुसत्या होकाराने घेतली. कीबोर्डची तऱ्हा वेगळी : पडद्यावर आलेले आकडे त्या नव्या कीबोर्डवरच टाईप करून एंटर दाबायचे असते. पडद्यावर आकडे, हातात कीबोर्ड आणि काय करायचे ते कळत नाही, अशी स्थिती पहिल्यांदा प्रत्येकाची होते.

माऊस-कीबोर्डचे काम इथे संपते. आवाजाचे नाही.

"पेअर झालं, ट्रस्ट केलं, कनेक्ट म्हटलं," शिक्षक म्हणतात, "आणि यंत्र सांगतंय प्रोफाईल उपलब्ध नाही. आता बोला."

हलक्या लिनक्सवरची ही सर्वांत जास्त छळणारी चूक आहे आणि तिचे मूळ डिसेंबर 2012 मध्ये आहे. त्या महिन्यात आलेल्या ब्लूझेड 5 ने आल्सा या लिनक्सच्या मूळ ध्वनिव्यवस्थेशी असलेला आपला थेट दुवा काढून टाकला. तेव्हापासून ब्लूटूथचा आवाज हाताळायला मधे एक ध्वनिसेवक लागतो : पल्सऑडिओ किंवा, अलीकडे, पाइपवायर. रेड हॅटमधील विम टेमन्स यांनी लिहिलेला पाइपवायर एप्रिल 2021 च्या फेडोरा 34 मध्ये आवाजासाठी पहिल्यांदा मुख्य म्हणून आला आणि नंतर इतरत्र पसरला. वजन कमी करणारे वितरण नेमका हा ध्वनिसेवक, किंवा त्याचा ब्लूटूथचा जोडभाग, वगळते. लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर आल्सावर सुरळीत वाजत असतो, म्हणून कोणाला संशयही येत नाही. डेबियन घराण्यात पल्सऑडिओसाठी 'पल्सऑडिओ-मॉड्यूल-ब्लूटूथ' आणि पाइपवायरसाठी 'लिबस्पा-0.2-ब्लूटूथ' हे पॅकेज घालून लॉग आऊट करून परत यावे लागते. ज्याला मेमरीतला थेंबही सांडायचा नाही त्याच्यासाठी 'ब्लूआल्सा' आहे. तो जुना थेट दुवा पुन्हा जोडून देतो, पण मांडणीची फाईल हाताने लिहावी लागते. शाळेसाठी तो मार्ग नाही.

आवाज आला तरी एक खाच उरते. गाणे ऐकण्याचा प्रोफाईल, ए2डीपी, एकतर्फी पण चांगल्या प्रतीचा असतो. ऑनलाइन सभेत हेडफोनचा माईक चालू होताच यंत्र दुसऱ्या, संभाषणाच्या प्रोफाईलवर उडी मारते आणि आवाज जुन्या टेलिफोनसारखा बसका होतो. हेडफोन खराब नसतो. माईक लॅपटॉपचा आणि कान हेडफोनचे, अशी वाटणी केली की आवाज पूर्ववत होतो.

उशीर हाही ब्लूटूथचा अंगभूत भाग आहे. साध्या ए2डीपीत आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याने मागे राहतो. मिरजेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडतात, तिथे तंबोऱ्याचे ॲप ब्लूटूथ स्पीकरवर लावून रियाज करणाऱ्याला या उशिराचा पत्ताही लागत नाही, कारण सूर अखंड आहे. तोच लॅपटॉपवर हार्मोनियमचे सॉफ्टवेअर वाजवू लागला की कळ दाबल्यावर सूर मागून येतो आणि हात अडतो. अशा कामाला तारच लावावी. पूर्वपक्षाला हवे असलेले कोणतेही चिन्ह हा उशीर कमी करणार नाही.

"ठीक आहे भाऊ, थर कळले," शिक्षक म्हणतात. "पण हे मला कळलं, माझ्या जागी उद्या बदलून येणाऱ्याला कोण सांगणार? तुम्ही दरवेळी सांगलीहून येणार?"

"मी कशाला? विश्रामबागला वालचंद कॉलेजात पोरांचा लिनक्स यूजर्स ग्रुप आहे, ती पोरं पहिल्या वर्षाच्या पोरांना काळ्या खिडकीपासून शिकवतात. अशी पोरं शोधा. आणि तोवर एक काम करतो : ब्लूमन घालून देतो, ध्वनिसेवक घालून देतो, सेवा चालू ठेवतो. मशीन थोडं जड होईल, चालेल ना?"

"चालेल. पण पुठ्ठ्यावर थर लिहून द्या. खालून वर."

तडजोड अशी पूर्वपक्षाच्या बाजूने झुकते, पण पुठ्ठा उत्तरपक्षाचा. केरळच्या सरकारी शाळांनी हेच मोठ्या प्रमाणावर केले आहे. तिथे शिक्षकांच्या हाती साधे वितरण न देता शाळेला लागणारे सगळे आधीच भरलेले वितरण दिले जाते. प्रत्येक शाळेने स्वतः गाळणी लावण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

उरला किल्ल्यांचा हिशेब. त्या '/व्हार/लिब/ब्लूटूथ' या फोल्डरात, चिपच्या पत्त्याखाली उपकरणाच्या पत्त्याने साठवलेल्या असतात. पपीसारखे वितरण पेन ड्राइव्हवरून चालवले आणि बंद करताना सेव्ह केले नाही तर किल्ली मेमरीबरोबर जाते. स्पीकरला मात्र ती आठवत असते, म्हणून पुढची जोडणी नाकारली जाते. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर तिढा वाढतो. दोन्हीकडे चिपचा पत्ता एकच असल्याने माऊसला ते एकच यंत्र वाटते आणि त्याच्यापाशी किल्लीची जागा एक. लिनक्समध्ये पेअर केले की विंडोजची किल्ली पुसली जाते आणि उलटही. उपाय असा की आधी लिनक्समध्ये पेअर करावे, मग विंडोजमध्ये, आणि विंडोजच्या नोंदवहीतली (रजिस्ट्रीतली) किल्ली काढून लिनक्सच्या फोल्डरातील 'इन्फो' फाईलीत लिहावी. काम वेळखाऊ आहे, पण एकदाच करावे लागते.

"आणि स्पीकर शेजारच्या वर्गात नेला की?" शिक्षक विचारतात. "तिथल्या लॅपटॉपला धरतच नाही, भिंतीपलीकडून आमच्याच लॅपटॉपला चिकटतो."

"धरणारच. ट्रस्ट तुम्ही दिलाय ना सर. तुमच्या मशीनवर 'डिस्कनेक्ट' म्हणा, नाहीतर ब्लूटूथ बंद करा, मग तिकडं जोडा. कायमचाच तिकडं द्यायचा असेल तर 'रिमूव्ह' म्हणा, म्हणजे किल्ली पुसली. आणि स्पीकरचं बटण दाबून त्याच्यातली पण पुसा."

जुना लॅपटॉप विकताना किंवा दुसऱ्या शाळेला देताना 'रिमूव्ह' हीच आज्ञा यादीतल्या प्रत्येक उपकरणासाठी द्यावी लागते. 'डिव्हायसेस' म्हटले की ती यादी समोर येते.